पांढरा साका आणि तीन अपुरी वाक्ये

कॅल्शियम फॉस्फेट हे नाव शालेय विज्ञानात मुलांना तीन ठिकाणी भेटते. हाडे आणि दात शिकवताना जीवशास्त्रात, अवक्षेपण शिकवताना रसायनशास्त्रात आणि खतांची ओळख करून देताना शेतीच्या धड्यात. तिन्ही ठिकाणी आपली पाठ्यपुस्तके, गाइडे आणि ‘घरच्या घरी प्रयोग’ या प्रकारची पुस्तके साधारणपणे एकाच साच्यातली वाक्ये वापरतात. ती अशी:

१) हाडे व दात कॅल्शियमचे बनलेले असतात.

२) कॅल्शियम फॉस्फेट पाण्यात अविद्राव्य असते.

३) कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम फॉस्फेट यांची द्रावणे एकत्र केल्यास ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचा पांढरा साका मिळतो.

यांपैकी एकही वाक्य सरळसरळ खोटे नाही, आणि आमची तक्रार तशी नाहीही. आमची टीका कोणत्याही एका पुस्तकावर किंवा लेखकावर नाही. ती या तीन वाक्यांवर आहे, मग ती कुठेही छापलेली असोत. ही वाक्ये पाठ केली की पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही, हा त्यांचा मुख्य दोष आहे. त्याहून मोठा दोष असा, की तिन्ही वाक्ये तीन वेगवेगळ्या कप्प्यांत राहतात. दात किडणे, दह्याचा चक्का, काळ्या जमिनीतले सुपर फॉस्फेट आणि मुडदूस या सगळ्यांच्या मुळाशी एकच रसायनशास्त्र आहे, हे मुलांना दहावीच काय, बारावीपर्यंतही कळत नाही. या लेखात आम्ही ही वाक्ये एकेक करून तपासणार आहोत. सोयीसाठी शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू.

साका नेमका कशाचा?

अवक्षेपणाची उदाहरणे देताना पुस्तके सिल्व्हर क्लोराइड, बेरियम सल्फेट आणि कॅल्शियम फॉस्फेट यांना एकाच रांगेत बसवतात. पहिली दोन उदाहरणे खरोखरच सोपी आहेत. क्लोराइड आणि सल्फेट हे तीव्र आम्लांचे आयन आहेत. पाणी थोडे आम्लधर्मी असो वा अल्कधर्मी, द्रावणात ते क्लोराइड आणि सल्फेट म्हणूनच राहतात. समोरून चांदीचा किंवा बेरियमचा आयन आला की जोडी जुळते आणि साका खाली बसतो.

फॉस्फेटचे तसे नाही. फॉस्फोरिक आम्लातून तीन हायड्रोजन आयन एकेक करून निघतात, आणि प्रत्येक वेळी ते अधिक अवघड होत जाते. त्यामुळे द्रावणाच्या सामूप्रमाणे फॉस्फेट वेगवेगळ्या रूपांत वावरते. आम्लधर्मी द्रावणात ते मुख्यतः दोन हायड्रोजन धरून असते. सामू ७.२ च्या जवळ दोन हायड्रोजन धरलेले आणि एक हायड्रोजन धरलेले आयन निम्मेनिम्मे असतात. एकही हायड्रोजन न धरलेला, म्हणजे पुस्तकातल्या समीकरणात दिसणारा ‘फॉस्फेट आयन’ मुबलक मिळण्यासाठी सामू १२ च्या पुढे न्यावा लागतो. सामू ७.४ असलेल्या विरल द्रावणात एक हायड्रोजन धरलेल्या सुमारे ९० हजार आयनांमागे एखादाच असा मोकळा आयन सापडतो. हे गणित अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्याला स्वतः करता येण्यासारखे आहे. त्यासाठी फॉस्फोरिक आम्लाचे तिन्ही विचरण स्थिरांक तेवढे हाताशी हवेत.

आता पुस्तकातल्या ‘सोडियम फॉस्फेट’कडे पाहू. शाळेच्या कपाटातल्या बाटलीवर बहुधा ‘डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट’ असे लिहिलेले असते. समीकरणात मात्र तीन सोडियमचे फॉस्फेट वापरलेले असते, कारण ते घेतले की डाव्या-उजव्या बाजूंचा हिशेब नीट जुळतो. शिक्षकाने बाटलीतले मीठ वापरून प्रयोग केला, की साका येतो आणि सारे समाधानी होतात. त्या वेळी परीक्षानळीत घडलेली दुसरी गोष्ट कुणी पाहतच नाही, कारण पुस्तक ती पाहायला सांगत नाही.

ती गोष्ट अशी. डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेटच्या द्रावणात फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाकले तर फिकट गुलाबी रंग येतो. म्हणजे द्रावण किंचित अल्कधर्मी आहे. त्यात कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण थोडे जास्त प्रमाणात मिसळा. पांढरा साका येतो, आणि त्याबरोबर गुलाबी रंग नाहीसा होतो. वरच्या निवळ द्रावणात सामूची पट्टी बुडवली तर ती आम्लाकडे झुकलेली दिसते. आपण आम्लाचा थेंबही घातलेला नाही. मग हे आम्ल आले कुठून?

ते साक्यातूनच आले. कॅल्शियमला हायड्रोजन नसलेले फॉस्फेट हवे असते, आणि द्रावणात ते जवळजवळ नसतेच. म्हणून साका तयार होताना हायड्रोजन फॉस्फेटमधला हायड्रोजन बाहेर ढकलला जातो. हायड्रॉक्सीॲपॅटाइट या खनिजाचा हिशेब मांडला तर १० कॅल्शियम आयन, ६ हायड्रोजन फॉस्फेट आयन आणि पाण्याचे २ रेणू यांपासून खनिजाचे एक सूत्र-एकक आणि ८ हायड्रोजन आयन मिळतात. साका जितका पडेल तितके द्रावण आम्लधर्मी होते, आणि द्रावण आम्लधर्मी झाले की पुढचा साका पडणे अवघड होते. साका आपली वाट आपणच अडवतो. पुढच्या सगळ्या विवेचनाची किल्ली या एका निरीक्षणात आहे, आणि नेमके तेच आपल्या पुस्तकांतून गळाले आहे.

राहिला नावाचा प्रश्न. परीक्षानळीतला साका ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचा असतो का? स्फटिकरूप ट्रायकॅल्शियम फॉस्फेट साध्या तापमानाला पाण्यातून खाली बसत नाही. ते मिळवण्यासाठी योग्य प्रमाणातला साका सुमारे ८०० अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त तापवावा लागतो. नळीत आधी दिसतो तो बहुधा आकारहीन, जेलीसारखा कॅल्शियम फॉस्फेट. द्रावण उदासीन किंवा अल्कधर्मी ठेवले तर तो हळूहळू हायड्रॉक्सीॲपॅटाइटकडे वळतो. द्रावण आम्लधर्मी असेल तर ब्रशाइट नावाचे, हायड्रोजन आणि पाणी धरून असलेले फॉस्फेट मिळते. ब्रशाइटमध्ये कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या अणूंचे प्रमाण १, तर हायड्रॉक्सीॲपॅटाइटमध्ये १.६७ असते. आकारहीन साक्यात हे प्रमाण दीडच्या आसपास असू शकते. म्हणून पुस्तकातले सूत्र अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण ‘अमुक संयुगाचा साका मिळतो’ असे ठामपणे लिहिण्याऐवजी ‘द्रावणाच्या सामूप्रमाणे वेगवेगळे कॅल्शियम फॉस्फेट मिळतात’ असे लिहायला एक ओळही जास्त लागत नाही. ॲपॅटाइट हे नावच ‘फसवणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. इतर खनिजांशी त्याची गल्लत होत असे म्हणून १७८६ मध्ये वेर्नर या खनिजशास्त्रज्ञाने त्याला हे नाव दिले. मुलांना हे सांगितले तर नावही लक्षात राहते आणि सावधगिरीही.

‘अविद्राव्य’ म्हणजे काय?

दुसरे वाक्य आहे अविद्राव्यतेचे. ‘पाण्यात अविद्राव्य’ हे शब्द मुले इतक्या वेळा वाचतात की तो पदार्थाचा कायमचा स्वभाव आहे असे त्यांना वाटू लागते. कॅल्शियम फॉस्फेटच्या बाबतीत हा समज फार महागात पडतो, कारण त्याची सारी उपयुक्तता आणि सारे उपद्रव तो कधी विरघळतो आणि कधी नाही यावरच अवलंबून आहेत.

वर आपण पाहिले की साका पडताना हायड्रोजन आयन बाहेर पडतात. तीच क्रिया उलटी वाचा: बाहेरून हायड्रोजन आयन पुरवले तर ते फॉस्फेटला पकडतात आणि साका विरघळतो. यासाठी तीव्र आम्लच हवे असे नाही; व्हिनेगर पुरते, लिंबाचा रस पुरतो, दह्यातले लॅक्टिक आम्लही पुरते.

दुधाचे उदाहरण घ्या. गाईच्या एक लिटर दुधात साधारण १.२ ग्रॅम कॅल्शियम असते. एवढे कॅल्शियम आणि त्याच्या जोडीचे फॉस्फेट नुसत्या पाण्यात मावले नसते. त्यातला सुमारे दोन तृतीयांश भाग केसीन या प्रथिनाच्या सूक्ष्म कणांमध्ये कॅल्शियम फॉस्फेटच्या रूपात बांधलेला असतो. दूध विरजले की सामू ६.७ वरून साडेचारच्या आसपास येतो आणि हे फॉस्फेट विरघळून पाण्यात उतरते. श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगले की खाली जे पिवळसर पाणी गळते, त्यात दुधातल्या कॅल्शियमचा बराच भाग निघून जातो. चक्क्याचे पाणी फेकू नये, त्यात कणीक मळावी किंवा त्याची कढी करावी, या घरोघरच्या सवयीला रसायनशास्त्राचा असा भक्कम आधार आहे. आहारविषयक धड्यात ‘दूध व दुग्धजन्य पदार्थांतून कॅल्शियम मिळते’ असे सरसकट लिहिले जाते. चक्का आणि दही यांतला हा फरक तिथे कुठेही येत नाही.

दातांचेही तसेच. साखर खाल्ल्यावर दातांवरच्या थरातले जीवाणू आम्ल तयार करतात. तिथला सामू काही मिनिटांत खाली घसरतो आणि मग लाळेमुळे हळूहळू पूर्वपदावर येतो, हे रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात प्रत्यक्ष मोजून दाखवले. सामू ५.५ च्या खाली गेला की एनॅमलचे खनिज विरघळू लागते; तो वर आला की लाळेतल्या कॅल्शियम व फॉस्फेटमुळे काही भाग पुन्हा भरून निघतो. म्हणजे दाताच्या पृष्ठभागावर दिवसभर विरघळणे आणि साका पडणे यांची ये-जा चालू असते. दिवसातून किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली याला महत्त्व का आहे, ते यावरून आपोआप उलगडते. ‘गोड खाल्ल्याने दात किडतात’ या उपदेशाला कारण मिळते. ‘अविद्राव्य’ हा शब्द मात्र या समजुतीच्या आड येतो.

आता एका लोकप्रिय प्रयोगाबद्दल. प्रयोगांच्या पुस्तकांत अंडे व्हिनेगरमध्ये ठेवण्याचा आणि कोंबडीच्या पायाचे हाड व्हिनेगरमध्ये ठेवण्याचा असे दोन प्रयोग बरेचदा शेजारी-शेजारी असतात. दोन्हींखाली स्पष्टीकरण एकच: ‘आम्लामुळे कॅल्शियम विरघळते.’ प्रत्यक्षात ही दोन वेगळी रसायने आहेत. अंड्याचे कवच जवळजवळ सगळे कॅल्शियम कार्बोनेटचे असते. त्यातून कार्बन डायऑक्साइडचे भरपूर बुडबुडे येतात. हाडातले खनिज फॉस्फेटचे, म्हणून बुडबुडे अगदी थोडे. थोडे तरी का, तर हाडाच्या ॲपॅटाइटमध्ये काही टक्के कार्बोनेट मिसळलेले असते म्हणून.

हा फरक वर्गात सिद्ध करता येतो. आठवडाभराने दोन्ही भांड्यांतले व्हिनेगर गाळून वेगवेगळ्या नळ्यांत घ्यावे आणि लाल लिटमस निळा होईपर्यंत त्यात विरल अमोनिया थेंबाथेंबाने घालावा. हाडाच्या नळीत पांढरा साका परत येतो. अंड्याच्या कवचाच्या नळीत तसा साका येत नाही, कारण तिथला कार्बोनेट वायू होऊन आधीच निघून गेला आहे आणि कॅल्शियमला जोडीदार उरलेला नाही. ‘कॅल्शियम विरघळले’ एवढ्यावर थांबलेले स्पष्टीकरण या प्रयोगापुढे टिकत नाही. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने १९७२ ते २००२ या काळात मध्य प्रदेशातल्या सरकारी शाळांमध्ये आधी निरीक्षण, मग निष्कर्ष हा क्रम रुजवण्याचा प्रयत्न केला. त्या कसोटीवर पाहिले तर आपल्या पुस्तकांतला हा प्रयोग अर्ध्यावर सोडलेला आहे.

खतांच्या धड्यातही हेच अर्धवटपण आहे. हाडांचा चुरा किंवा खनिज फॉस्फेट पिकाला चटकन मिळत नाही, म्हणून त्यावर सल्फ्युरिक आम्लाची क्रिया करून विरघळणारे फॉस्फेट बनवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये जॉन बेनेट लॉज यांनी १८४२ मध्ये पेटंट केली. हेच सुपर फॉस्फेट. इथपर्यंत पुस्तक सांगते आणि थांबते. पण शेतकऱ्याची अडचण पुढेच सुरू होते. दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीचा सामू ८ च्या आसपास असतो आणि तिच्यात कॅल्शियम भरपूर असते. अशा जमिनीत सुपर फॉस्फेट पडले की कारखान्यात आम्ल खर्चून विरघळवलेले फॉस्फेट पुन्हा कॅल्शियमशी जोडी जमवते आणि कमी विद्राव्य होत जाते. म्हणूनच ते फोकून देण्याऐवजी बियाण्याजवळ पेरून द्यावे, शेणखतात मिसळून द्यावे, फॉस्फेट विरघळवणारे जीवाणू वापरावेत असे सल्ले दिले जातात. ग्रामीण शाळेतल्या मुलाने हे सल्ले घरी ऐकलेले असतात. परीक्षानळीतला साका आणि वडिलांच्या शेतातला साका एकच, हे त्याला सांगणारा धडा आम्हाला अजून भेटायचा आहे.

हाडांतले फॉस्फेट कुठे गेले?

आता पहिले वाक्य. हाडांत कॅल्शियम फॉस्फेट असते हे स्वीडनमध्ये गान या रसायनज्ञाने १७६९ च्या सुमारास ओळखले, आणि त्यानंतर शेले यांनी हाडांच्या राखेपासून फॉस्फरस मिळवला. हाडातले खनिज ॲपॅटाइटच्या जातीचे आहे हे १९२६ मध्ये डी यॉंग यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने दाखवले. प्रौढ माणसाच्या शरीरात एक किलो किंवा थोडे जास्त कॅल्शियम असते आणि त्यातले सुमारे ९९ टक्के हाडांत व दातांत असते. फॉस्फरसही थोडाथोडका नव्हे, सुमारे ७०० ग्रॅम असतो आणि त्यातला ८५ टक्के हाडादातांतच. शिवाय हाडाचा चिवटपणा कोलॅजेन या प्रथिनामुळे येतो. असे असताना ‘हाडे कॅल्शियमची’ हेच वाक्य का रूढ झाले? एक तर ते सुटसुटीत आहे, आणि दुसरे म्हणजे जाहिरातींना ते सोयीचे आहे. पाठ्यपुस्तकाने जाहिरातीची भाषा उचलावी हे बरे नव्हे.

या वाक्याची किंमत मुडदूस शिकवताना कळते. कॅल्शियम किंवा ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडल्यामुळे मुडदूस होतो हे खरे आहे. पण मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून गेल्यामुळे होणारा आनुवंशिक मुडदूसही आहे. त्यात रक्तातले कॅल्शियम सामान्य असते, तरी हाडे मऊ राहतात, कारण साक्याचा दुसरा भागीदार कमी पडतो. ‘हाडे म्हणजे कॅल्शियम’ असे शिकलेल्या माणसाला हे कोडे वाटते. साक्याला दोन भागीदार लागतात हे ज्याला माहीत आहे त्याला वाटत नाही.

त्याहून चांगला प्रश्न पुढचा आहे. आपल्या रक्तात दर १०० मिलिलिटरमध्ये सुमारे १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, फॉस्फेट असते आणि सामू ७.४ असतो. हायड्रॉक्सीॲपॅटाइटच्या दृष्टीने हे द्रावण अतिसंपृक्त आहे. मग रक्तवाहिन्या, स्नायू, त्वचा यांत साका का पडत नाही? आणि हाडांतच तो का पडतो?

या प्रश्नाचा शोध हा विसाव्या शतकातल्या विज्ञानाचा एक सुंदर धागा आहे. १९२३ मध्ये रॉबर्ट रॉबिसन यांना वाढत्या हाडांत फॉस्फेट सुटे करणारे एक विकर आढळले. हे विकर तिथल्या तिथे फॉस्फेट वाढवत असेल आणि त्यामुळे साका पडत असेल, असे त्यांनी सुचवले. कल्पना चांगली होती, पण अपुरी होती, कारण मुळात द्रव अतिसंपृक्त असताना इतरत्र साका का नाही याचे उत्तर तिच्यात नव्हते. १९६२ मध्ये हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की शरीरातल्या द्रवांत पायरोफॉस्फेट असते, आणि त्याचे अत्यल्प प्रमाणही कॅल्शियम फॉस्फेटचा साका रोखून धरते. रॉबिसन यांचे विकर हे पायरोफॉस्फेटही तोडते. म्हणजे हाडांत साका ‘पाडला’ जातो, त्यापेक्षा तिथे त्याच्यावरचा पहारा उठवला जातो असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल. ज्यांच्यात हे विकर जन्मतः कमी असते त्यांची हाडे नीट घट्ट होत नाहीत. या विकाराचे वर्णन १९४८ मध्ये झाले, आणि विकराचाच एक घडवलेला प्रकार २०१५ पासून औषध म्हणून उपलब्ध झाला. पायरोफॉस्फेटसारखीच पण न तुटणारी संयुगे शोधताना फ्लाइश यांच्या गटाच्या कामातून हाडांच्या ठिसूळपणावरची बिसफॉस्फोनेट औषधे पुढे आली. एका साध्या साक्याभोवती विचारलेल्या प्रश्नातून एवढे निघाले. ‘हाडे कॅल्शियमची’ या वाक्यातून यातला एकही प्रश्न सुचत नाही.

तपकिरी दातांचा प्रश्न

एवढे खोलात जायची गरज काय, असे काही वाचकांना वाटेल. म्हणून जिथे हे अपुरेपण मुलांना थेट भोवते असे एक उदाहरण देतो.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत विंधन विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत. हायड्रॉक्सीॲपॅटाइटमधल्या हायड्रॉक्साइडच्या जागी फ्लोराइड अगदी नेमके बसते आणि तयार होणारे खनिज आणखी कमी विद्राव्य असते. ते सामू साडेचारच्या आसपासपर्यंत तग धरते. म्हणून अल्प फ्लोराइड दातांना किडीपासून वाचवते. पण एनॅमल घडत असण्याच्या वयात, म्हणजे साधारण पहिल्या आठ वर्षांत, पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेले तर एनॅमल घडण्याची प्रक्रियाच बिघडते. दातांवर पांढुरके आणि पुढे तपकिरी पट्टे येतात. मात्रा फार आणि वर्षे अनेक असली तर हाडेही बिघडतात, सांधे आखडतात. आपल्या देशात याचे वर्णन १९३७ मध्येच तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यातून झाले होते.

अशा गावातल्या वर्गात ‘दात स्वच्छ ठेवावेत, न घासल्यास पिवळे पडतात’ एवढेच शिकवले, तर तपकिरी दातांचे मूल काय समजेल? आपण अस्वच्छ आहोत असे. मंजन बदलून, कोळशाने घासून ते पट्टे जात नाहीत, कारण ते बाहेरून चढलेले नसून खनिजाच्या घडणीतले आहेत. दोष मुलाचा नाही, विहिरीच्या पाण्याचा आहे, आणि उपाय पाणी बदलणे किंवा शुद्ध करणे हा आहे. हे शिक्षकाला ठाऊक असले तर तो मुलाला खजील करणार नाही. उलट गावाच्या पाण्याची तपासणी व्हावी म्हणून पुढाकार घेईल.

उपायातही आपले खनिज पुन्हा भेटते. हाडे भाजून केलेला कोळसा फ्लोराइड शोषून घेतो, कारण त्यातल्या ॲपॅटाइटमध्ये हीच अदलाबदल होते. केनिया, टांझानियात तो वापरला गेला आहे. आपल्याकडे हाडांच्या वापराला अनेकांची हरकत असते. नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेने विकसित केलेल्या नालगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवतात. दोन्ही पद्धतींची तुलना हा दहावीच्या वर्गासाठी उत्तम प्रकल्प होईल.

मग काय लिहावे?

आमच्या टीकेवर दोन आक्षेप येतील. पहिला, अभ्यासक्रम आधीच जड आहे. दुसरा, लहान वयात सोपे करूनच सांगावे लागते. दुसरा आक्षेप आम्हाला मान्य आहे. सोपे करण्याला आमचा विरोध नाही. पुढचा प्रश्न बंद करणाऱ्या सोपेपणाला आहे. पहिल्या आक्षेपाला उत्तर असे, की वरच्या गोष्टींसाठी नवा धडा लागत नाही, असलेली वाक्ये बदलावी लागतात. उदाहरणार्थ:

सहावी-सातवीसाठी: ‘हाडांतले खनिज कॅल्शियम आणि फॉस्फेट मिळून बनते, त्याला प्रथिनाच्या धाग्यांची जोड असते.’

नववी-दहावीसाठी: ‘कॅल्शियम फॉस्फेट उदासीन पाण्यात फारच थोडे विरघळते, पण आम्लात विरघळते आणि आम्ल उदासीन केले की पुन्हा खाली बसते.’ सोबत व्हिनेगर आणि अमोनियाचा प्रयोग द्यावा. हाडे वापरणे नको असेल तिथे चक्क्याचे पाणी गाळून घ्यावे व त्यात अमोनिया घालून पाहावा; साका प्रथिनांमुळे गढूळ दिसेल, पण येईल.

अकरावी-बारावीसाठी: ‘मिळणारा साका कोणता, हे सामूवर आणि वेळेवर अवलंबून असते, साका पडताना द्रावण आम्लधर्मी होते.’ सोबत फिनॉल्फथॅलीनचे निरीक्षण आणि आयनांच्या प्रमाणाचे गणित द्यावे.

वरच्या वर्गांसाठी उपयोगांची यादी द्यायची असेल तर तिथेही हाच धागा पकडता येतो. ग्रॅहम आणि व्हान डेर एब यांनी १९७३ मध्ये डीएनए कॅल्शियम फॉस्फेटच्या साक्यात गुंफून पेशींत घालण्याची रीत दिली. साका बारीक आणि हवा तसा यावा म्हणून तिच्यात द्रावणाचा सामू ७ च्या किंचित वर, अगदी काटेकोरपणे राखावा लागतो. ब्राउन आणि चाउ यांनी १९८० च्या दशकात दोन कॅल्शियम फॉस्फेटांची पूड पाण्यात कालवून शरीराच्या तापमानालाच घट्ट होणारे, हाडातली पोकळी भरणारे सिमेंट तयार केले. एका फॉस्फेटातून निघणारे आम्ल दुसऱ्यातल्या अल्कलीने फिटते आणि मागे हायड्रॉक्सीॲपॅटाइट उरते. आपली वाट आपणच अडवणाऱ्या साक्याची अडचण त्यांनी अशी सोडवली.

या पद्धतीने शिकवले तर नवी माहिती फार द्यावी लागत नाही. एकच विचार वेगवेगळ्या ठिकाणी ओळखायला शिकवावा लागतो. शिक्षकांना आमची विनंती एवढीच, की पुढच्या वेळी वर्गात हा साका पाडाल तेव्हा नळीत आधी फिनॉल्फथॅलीनचे दोन थेंब टाका, आणि रंग का गेला हे मुलांना विचारा. त्यांनी दिलेली उत्तरे, विशेषतः चुकलेली, आम्हाला जरूर कळवा.